ऑल्ट्रिंगमची मंडई

मँचेस्टरच्या दक्षिणेला असलेल्या ऑल्ट्रिंगम या छोट्या शहराला बाजार भरवण्याची सनद 1290 साली मिळाली. सातशे वर्षांहून जुनी ही पेठ 2010 च्या सुमारास मात्र ओस पडली होती. जवळपास दर तीन दुकानांमागे एकाला टाळं होतं. रिकाम्या गाळ्यांचा विषय निघाला की ब्रिटनभर ऑल्ट्रिंगमचं नाव आधी घेतलं जाई. 1998 साली काही मैलांवर ट्रॅफर्ड सेंटर हा अवाढव्य मॉल उघडला होता. तिथं गाडी लावायला पैसे पडत नाहीत आणि पावसाळी हवेतही कोरड्या अंगाने हिंडता येतं. पुढे 2008 ची मंदी आली, घरबसल्या खरेदी वाढली. कपडे, बूट आणि चादरी विकून मॉलशी सामना करणं या पेठेला शक्यच नव्हतं. शेवटी ती सावरली ती घरी पार्सलने येऊ न शकणारी गोष्ट देऊन: चार लोकांत बसून जेवण्याची जागा.

गावातली एकोणिसाव्या शतकातली मंडईची इमारत स्थानिक ट्रॅफर्ड कौन्सिलची. ती चालवण्याचं काम कौन्सिलने निक जॉन्सन यांच्याकडे सोपवलं आणि 2014 साली मंडई नव्या रूपात उघडली. आत लांबच लांब लाकडी टेबलं आणि कडेने छोटी स्वयंपाकघरं. एकाकडे भट्टीतला पिझ्झा, दुसऱ्याकडे खिमा भरलेली पाई, तिसऱ्याकडे कॉफी. टेबल कुणा एका दुकानाचं नाही. कुटुंबातल्या चौघांनी चार ठिकाणांहून मागवावं आणि एकत्र जेवावं. नुसती कॉफी घेऊन एकट्याने बसलं तरी चालतं. यामागचं अर्थकारण साधं आहे. स्वतंत्र हॉटेल काढायचं तर बसायची जागा, तिचं भाडं, टेबलखुर्च्या हा सगळा खर्च आधी करावा लागतो आणि नवख्या माणसाचं कंबरडं तिथंच मोडतं. इथं एक ओटा आणि एक भट्टी एवढ्यावर धंदा उभा राहतो. मोठ्या साखळी कंपन्यांना आत जागा नाही. कोण काय बनवतो हे पाहून गाळा दिला जातो. या सगळ्या प्रयोगातला सर्वांत मोलाचा निर्णय मला हाच वाटतो.

यावर पहिला आक्षेप असा, की शेजारच्या हेल आणि बाउडन या वस्त्या श्रीमंतांच्या. पैसेवाल्यांच्या गावात काहीही चालेल. पण ही माणसं 2010 मध्येही तिथंच राहत होती आणि पेठ तरीही रिकामी होती. पैसा होता, तो खर्च करायला गावात येण्याचं कारण नव्हतं. दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे: सगळं श्रेय मंडईला कसं द्यायचं? त्याच काळात बस-ट्रामचं स्थानक नव्याने बांधलं गेलं, रस्ते पादचाऱ्यांसाठी सुधारले गेले. हे खरंच आहे. तरीही स्थानकावर उतरलेल्या माणसाला जायला ठिकाण लागतं, आणि ते मंडईने दिलं. आसपासच्या गल्ल्यांत नवी दुकानं उघडली, आणि 2018 साली ऑल्ट्रिंगमला इंग्लंडमधल्या सर्वोत्तम बाजारपेठेचा पुरस्कार मिळाला.

तिसऱ्या आक्षेपाला मात्र पूर्ण उत्तर नाही. महागड्या पिझ्झ्याची मंडई झाली की स्वस्त भाजी आणि मोजे घ्यायला येणारी म्हातारी माणसं कुठे जाणार? एका टेबलाशी सगळे बसू शकतात हे कागदावर ठीक. ताटाची किंमत परवडली तरच ते खरं. म्हणून इमारत सार्वजनिक मालकीची असणं मला निर्णायक वाटतं. मालक सरकारी असेल तर काही गाळे कमी भाड्याने राखून ठेवण्याची अट करारात घालता येते. खासगी विकासकाकडून तशी अपेक्षा करणं भाबडेपणाचं आहे.

ऑल्ट्रिंगमची मंडई चालवणाऱ्यांनीच 2017 साली मँचेस्टरमध्ये मॅकी मेयर ही 1858 ची जुनी मटण मंडई उघडली, आणि 2020 मध्ये मॅकल्सफील्डमधलं एक जुनं चित्रपटगृह असंच जेवणघर केलं. म्हणजे हा एका गावापुरता योगायोग नाही. आपल्याकडे पुण्याची महात्मा फुले मंडई 1886 ची, मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट 1869 चं. तीही त्याच काळातली सार्वजनिक बांधकामं. जुनी मंडई पाडून व्यापारी संकुल बांधायचं आणि गाळे लिलावात सर्वाधिक बोली लावणाऱ्याला द्यायचे, असा प्रस्ताव एखाद्या नगरपालिकेच्या सभेत येईल, तेव्हा बोली न लावता चांगला पदार्थ करणाऱ्याला तिथं जागा कशी मिळेल, हे नगरसेवकांनी आधी विचारावं.