मानेतले दोन मणके जन्मापासून जोडलेले असतील तर?

आजचा एपिसोड जरा पर्सनल आहे. मागच्या वर्षी मान दुखायला लागली. म्हटलं लॅपटॉपची कृपा, दुसरं काय! एक्स-रे काढला, तर रिपोर्टवर ‘ब्लॉक व्हर्टेब्रा, सी-२, सी-३’. लगेच गुगल केलं आणि झोप उडाली. तुम्ही असं करू नका.

मानेत ७ मणके असतात. (जिराफाच्या मानेतही सातच, बरं का.) गर्भाच्या तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात पाठीचा कणा तुकड्यातुकड्यांत वेगळा होत जातो. माझे दोन तुकडे वेगळे झालेच नाहीत. डॉक्टरांनी फिल्म दाखवली: जोडाच्या जागी हाड डमरूसारखं बारीक. जोड जन्मापासूनचा असल्याची ही खूण.

१९१२ मध्ये क्लिपेल आणि फाइल या फ्रेंच डॉक्टरांनी याचं वर्णन केलं, म्हणून क्लिपेल-फाइल सिंड्रोम. आखूड मान, मागे खालपर्यंत आलेले केस आणि कमी वळणारी मान ही त्याची पुस्तकी लक्षणं. पण तिन्ही एकत्र निम्म्याहून कमी लोकांत दिसतात. माझ्यात एकही नाही. कारण डोकं डावीकडे-उजवीकडे वळण्याचं जवळपास अर्धं काम पहिल्या दोन मणक्यांमधल्या सांध्यात होतं, आणि तो माझा शाबूत आहे.

आईने मात्र पहिला प्रश्न विचारला, “माझ्या वेळी काही चुकलं होतं का रे?” नाही. बहुतेक केसेसमध्ये हे आपलं आपण घडतं. डॉक्टरांनीच तिला तसं सांगितलं, तेव्हा कुठे ती जेवली.

मग प्रॉब्लेम काय? सायकलच्या चेनच्या दोन कड्या जाम झाल्या तर शेजारच्या कड्यांना जास्त वाकावं लागतं. तसंच इथे. जोडाच्या वरचे-खालचे सांधे आणि चकत्या लवकर झिजू शकतात, कधी सैलही होतात. म्हणून मान पुढे-मागे वाकवून एक्स-रे काढतात. या सिंड्रोममध्ये किडनी आणि कानाचे दोषही सापडू शकतात, त्यामुळे माझी सोनोग्राफी आणि ऐकण्याची टेस्टही झाली. दोन्ही नॉर्मल.

आता रोजचं. स्क्रीन डोळ्यांच्या पातळीवर. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले, मान न हलवता तळहाताने कपाळावर दाब देण्याचे व्यायाम. शीर्षासन बंद. आणि सलूनमध्ये चंपी झाल्यावर तो दादा मान कटकन मोडतो ना, ते तर कायमचं बंद! खरं तर ते कुणीच करून घेऊ नये. ऑपरेशन सगळ्यांना लागत नाही; मज्जारज्जूवर दाब आला किंवा सांधा फारच सैल झाला तर विषय निघतो. हातांत मुंग्या, पकड ढिली, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, यातलं काही झालं तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आणि ऑपरेशन कशाचंही असो, अगदी अपेंडिक्सचं, भूलतज्ज्ञाला आधीच सांगायचं. नळी घालताना मान मागे झुकवतात, म्हणून.

सगळ्यात जड गेलं ते गोविंदा पथक. आठ वर्षं मी दुसऱ्या थरात होतो. डॉक्टरांनी एका वाक्यात विषय संपवला. पोरांना सांगायला मला दोन आठवडे लागले. या वर्षी हंडीची दोरी माझ्या हातात होती, आणि मान वर करून किती वेळ बघायचं हेही मला मोजावं लागलं.

तुमच्यापैकी कुणाच्या रिपोर्टवर असं काही आलं असेल, तर व्हॉइस नोट पाठवा.