सूचक की उघड? पडद्यावरचं दोन स्त्रियांचं प्रेम

आजच्या विषयावर चर्चा सुरू झाली की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं असं, "दोघींचं प्रेम दाखवा हो, पण एवढं उघड कशाला? सूचक ठेवलं असतं तर चाललं नसतं का?" दुसरं याच्या अगदी उलट, "सूचक म्हणजे घाबरट. दाखवायचं तर धीटपणे दाखवा." गंमत म्हणजे दोन्ही बाजूंची मोजपट्टी एकच आहे : पडद्यावर किती दिसलं? आमचं म्हणणं असं की ही पट्टीच अपुरी आहे. आडपडदा कुणी घातला आणि कुणाच्या सोयीसाठी, हे आधी विचारायला हवं.

एकाच दिग्दर्शकानं एकच गोष्ट दोनदा सांगितल्याचं उदाहरण घेऊ. लिलियन हेलमन यांचं 'द चिल्ड्रन्स आवर' हे नाटक १९३४ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आलं. दोन मैत्रिणी मुलींची शाळा चालवत असतात. एक विद्यार्थिनी रागाच्या भरात या दोघींच्या संबंधांविषयी आवई उठवते आणि शाळा बंद पडते. विल्यम वायलरनी १९३६ मध्ये यावर चित्रपट केला. पण त्या काळी हॉलिवूडवर हेज कोड या नियमावलीचा अंमल होता. नाटकाचं नावसुद्धा वापरता आलं नाही. चित्रपटाचं नाव झालं 'दीज थ्री', आणि आवई बदलून एक शिक्षिका व दुसरीचा नियोजित वर यांच्याविषयीची झाली. म्हणजे इथे सूचकता नाहीच, विषयच पुसून टाकला.

पंचवीस वर्षांनी, १९६१ मध्ये, नियम थोडे सैल झाल्यावर वायलरनी तीच गोष्ट पुन्हा केली, या वेळी मूळ नावानं. ऑड्री हेपबर्न आणि शर्ली मॅक्लेन प्रमुख भूमिकांत. आता विषय परत आला. पण बघा, ती मुलगी आजीच्या कानात जे सांगते तो प्रसंग गाडीत, काचेपलीकडे घडतो. आपल्याला शब्द ऐकू येत नाहीत. शेवटी मार्था कबूल करते, की हो, माझं तिच्यावर तसंच प्रेम आहे. आणि त्यानंतर गळफास लावून घेते. उघड बोलायची परवानगी मिळाली, पण शिक्षेसकट!

आपल्याकडे १९८२ च्या 'उंबरठा'मध्ये महिलाश्रमातल्या दोन स्त्रियांचं नातं येतं. मराठी पडद्यासाठी ते धाडसच होतं. पण तेही येतं संस्थेपुढची एक अडचण म्हणून. त्या दोघींना काय वाटतं, हा चित्रपटाचा मुख्य प्रश्न होत नाही.

आता दीपा मेहतांचा 'फायर' घेऊ. १९९६ चा चित्रपट. शबाना आझमी आणि नंदिता दास दिल्लीतल्या एका घरातल्या जावा आहेत. यात सूचकही आहे आणि उघडही. सगळं कुटुंब सहलीला गेलेलं असताना धाकटी थोरलीचे पाय चेपते. नवरे समोरच बसलेत. त्यांना यात काहीच वावगं दिसत नाही. उलट कौतुकच वाटतं. इथे एक लक्षात घेऊ. आपल्या घरांत बायकांनी एकमेकींच्या डोक्याला तेल लावणं, वेणी घालणं, एका अंथरुणात झोपणं, याला कुणाची हरकत नसते. जोवर त्याला नाव नाही, तोवर सगळं चालतं. म्हणून अशा समाजात नुसती सूचकता पुरत नाही. 'जावाजावा आहेत, जीव आहे एकमेकींवर' असं म्हणून प्रेक्षक मोकळा होतो. मेहतांनी पुढचं दृश्य उघड दाखवलं, आणि ही पळवाट बंद झाली.

तिचा परिणामही लगेच दिसला. सेन्सॉरनं एकही काट न सुचवता संमत केलेला हा चित्रपट नोव्हेंबर १९९८ मध्ये भारतात लागला. २ डिसेंबरला मुंबईत गोरेगावच्या चित्रपटगृहात शिवसैनिकांनी तोडफोड केली. चित्रपट पुन्हा सेन्सॉरकडे गेला, पुन्हा काटछाट न होता संमत झाला. दरम्यान दिल्लीत रीगल सिनेमासमोर झालेल्या निदर्शनांत भारतीय आणि लेस्बियन हे दोन शब्द एकत्र लिहिलेले फलक झळकले. जो शब्द घरात नव्हता, तो रस्त्यावर आला.

मग उघड तेच चांगलं का? तसंही नाही. २०१३ मध्ये कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळालेल्या 'ब्लू इज द वॉर्मेस्ट कलर'मधल्या लांबलचक शय्यादृश्यांवर, ज्यांच्या चित्रकादंबरीवरून तो केला त्या ज्यूल मारो यांनीच टीका केली. सगळं दिसत होतं, पण ते कुणाच्या नजरेतून, हा त्यांचा आक्षेप होता.

उलट अभिषेक चौबेंचा 'डेढ इश्किया' बघा. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कलम ३७७ पुन्हा लागू केलं आणि महिन्याभरात, जानेवारी २०१४ मध्ये, हा चित्रपट आला. माधुरी दीक्षित आणि हुमा कुरेशी यांची जवळीक आपल्याला दिसते ती भिंतीवरच्या सावल्यांत. तेवढ्यात एका संवादात लिहाफ हा शब्द येतो. इस्मत चुगताईंची १९४२ ची 'लिहाफ' ही कथा आणि तिच्यावर लाहोरला चाललेला अश्लीलतेचा खटला ज्यांना ठाऊक आहे, त्यांना काही सांगावं लागत नाही. ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्या हातून ते निसटूही शकतं. ही या मार्गाची मर्यादा. पण शेवटी त्या दोघी पुरुषांना मागे ठेवून एकत्र निघून जातात. १९६१ च्या कबुलीनं मरण दिलं, २०१४ च्या सावलीनं जगणं दिलं.

तेव्हा यापुढे असा चित्रपट पाहताना आपण तीन प्रश्न विचारू या. पडदा बाहेरच्या धाकानं घातलाय, की गोष्टीची गरज म्हणून? त्या दोघींचं मन आपल्याला कळतं, की फक्त शरीरं दिसतात? आणि शेवटी त्या जगतात का?

हा तिसरा प्रश्न आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कारण त्या अंधारात कुठल्या तरी रांगेत एखादी मुलगी बसलेली असते. तिनं घरी कुणाला काही सांगितलेलं नसतं. किती दिसलं यापेक्षा तिला वेगळंच काही हवं असतं. माझ्यासारखीचं पुढे काय होतं, हे तिला बघायचं असतं. तिला काय उत्तर मिळालं, यावर आपण चित्रपट जोखू या.