प्रधान द्रव्याचा तुटवडा आणि वैद्याचे कर्तव्य

औषधी द्रव्य उपलब्ध नसेल तर काय करावे, हा प्रश्न आपल्या शास्त्राला नवा नाही. भावप्रकाशात अभाव-प्रतिनिधी द्रव्यांचे विवेचन आहे. अतिविषेच्या अभावी मुस्ता, मेदा-महामेदाऐवजी शतावरी, काकोली-क्षीरकाकोलीऐवजी अश्वगंधा घेण्याची मुभा आहे. आज बहुतेक ठिकाणी च्यवनप्राश याच आधारे सिद्ध होतो. मात्र याच नियमाला एक मर्यादा आहे. योगातील गौण द्रव्यास प्रतिनिधी चालतो, प्रधान द्रव्यास नाही. 2021 साली म्युकरमायकोसिसच्या वेळी या मर्यादेचे महत्त्व आम्हांस विशेष जाणवले.

तुटवड्याची कारणे

हा बुरशीजन्य रोग एरवी विरळा. कोविडच्या दुसऱ्या लाटेत अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिवापर यांमुळे तो महाराष्ट्रात झपाट्याने वाढला. 20 मे 2021 रोजी केंद्र शासनाने राज्यांना तो साथरोग कायद्याखाली अधिसूचित करण्यास सांगितले.

लायपोसोमल अँफोटेरिसिन-बी हे यातील प्रमुख औषध. त्याची नेहमीची मात्रा दररोज प्रतिकिलो 5 मिलिग्रॅम. म्हणजे 60 किलो वजनाच्या रुग्णास 50 मिलिग्रॅमच्या 6 कुप्या रोज, आणि त्याही काही आठवडे. रोग विरळा म्हणून उत्पादन मर्यादित, आणि मागणी वाढली तरी ते एका रात्रीत वाढत नाही. केवळ निर्जंतुकता चाचणीलाच 14 दिवस लागतात. केंद्राने पुण्याच्या एमक्युअरसह आणखी 5 कंपन्यांना परवानगी दिली, वर्धा येथेही उत्पादन सुरू झाले आणि 12 जून 2021 रोजी जीएसटी परिषदेने यावरील कर शून्यावर आणला. तोवर साठ्याचे वाटप शासनामार्फत होत होते आणि रुग्णांचे नातेवाईक चिठ्ठी घेऊन वणवण फिरत होते.

प्रतिनिधी कोणता?

तज्ज्ञांनी त्या काळात साधे अँफोटेरिसिन वापरले. ते स्वस्त, पण वृक्कांवर ताण देणारे. त्यामुळे क्रिएटिनिन व पोटॅशियमवर सतत लक्ष ठेवावे लागते. पोसाकोनॅझोल व इसावुकोनॅझोल यांचाही आधार घेतला गेला. हा निर्णय तज्ज्ञांचाच. फ्लुकोनॅझोल किंवा व्होरिकोनॅझोल ही औषधेही बुरशीवरचीच, पण या बुरशीवर ती उपयोगी पडत नाहीत, हे औषधी दुकानदारांनी ध्यानात ठेवावे.

हरिद्रा, त्रिफळा, गंधक रसायन यांचे गुण आम्हांस मान्य आहेत. परंतु येथे ती प्रधान द्रव्याची जागा घेऊ शकत नाहीत. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून धातू मृत करते. मृत भागात औषध पोहोचत नाही, म्हणून शस्त्रकर्मही अपरिहार्य ठरते. येथे काही दिवसांचा विलंब म्हणजे डोळा किंवा प्राण गमावणे.

आपण काय करावे?

1. मधुमेही रुग्णास चेहऱ्याच्या एका बाजूस वेदना वा बधिरता, नाकातून काळसर स्राव, टाळूवर काळा डाग, दात हलणे, डोळ्यास सूज किंवा एकाचे दोन दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे किंवा आपल्या सीपीआरसारख्या मोठ्या रुग्णालयात पाठवावे. नस्य वा धूमपान देऊन वाट पाहू नये.

2. सोबतच्या पत्रात रक्तशर्करा, वजन, चालू औषधे व लक्षणे सुरू झाल्याची तारीख लिहावी. चंदगड, गगनबावड्याहून येणाऱ्या रुग्णाचा त्यामुळे बहुमोल वेळ वाचतो.

3. चिठ्ठीविना स्टेरॉइड देऊ नये. घटक न लिहिलेल्या पुड्या घेणाऱ्या रुग्णांची कसून चौकशी करावी, कारण अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते.

4. विरळा रोगाचे औषध मागणारा रुग्ण आल्यास घाऊक विक्रेते, जिल्हा शल्यचिकित्सक व अन्न आणि औषध प्रशासन यांच्याकडे दुकानदारांनी स्वतः चौकशी करावी. नुसते 'नाही' म्हणून परत पाठवू नये.

रोग बरा होऊ लागल्यावर अग्निदीपन, बल्य चिकित्सा, पथ्य आणि प्रमेहाचे नियंत्रण यांत आपले काम मोठे आहे. तेही तज्ज्ञांशी विचारविनिमय करूनच व्हावे. तुटवड्याच्या काळात औषध निर्माण करणे आपल्या हाती नाही. मात्र रुग्णाचा वेळ वाया न जाऊ देणे निश्चितच आपल्या हाती आहे.