कल्याणचा बिशप : एका वाक्यात उरलेला धर्मप्रांत

शिराळ्यात बसून कल्याणचा इतिहास कशाला, असं कुणाच्याही मनात येईल. कल्याण म्हटलं की आपल्याला रेल्वेचं जंक्शन आठवतं, खाडीकाठचा दुर्गाडी आठवतो, शिवाजी महाराजांनी १६५७ साली घेतलेलं कल्याण आठवतं. पण त्याच्याही अकराशे वर्षं आधी, इसवी सनाच्या सहाव्या शतकात, या गावात एक ख्रिस्ती बिशप होता आणि त्याची नेमणूक इराणातून होत असे. ही गोष्ट आपल्याला कळते ती एका ग्रीक ग्रंथातल्या एका वाक्यावरून. त्या वाक्यातून किती निघतं आणि किती निघत नाही, ते आज आपण पाहू.

आधी गाव पाहू. उल्हास नदीच्या खाडीवरचं हे बंदर. इथं उतरलेला माल नाणेघाटानं वर चढायचा, जुन्नरला यायचा, तिथून पैठण आणि तेरकडे जायचा. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांचे लेख आहेत, त्यात सोनारही आहे आणि व्यापारीही. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक नौकानयनाच्या पुस्तकात तर इथल्या राजकारणाची बातमी आहे: पूर्वी हे रीतसर व्यापारी बंदर होतं, पुढं सत्ता बदलली आणि चुकून इथं आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. आणि हे आपल्यापासून फार लांबचं नाही. कराडजवळच्या आगाशिवच्या डोंगरात लेणी आहेत, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत उत्खननात समुद्रदेव पोसायडनची काशाची छोटी मूर्ती मिळाली. समुद्रावरचा व्यापार घाट चढून आपल्या दारापर्यंत येत होता.

आता ते वाक्य. कॉस्मस नावाचा अलेक्झांड्रियाचा व्यापारी होता. त्यानं इसवी सन ५५० च्या सुमारास 'ख्रिस्ती भूवर्णन' म्हणता येईल असा ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो की सिंहलद्वीपात ख्रिस्ती मंडळी आहे, मिरी पिकते त्या मलेत आहे, आणि 'कल्लियाना' इथं इराणातून नेमलेला बिशपसुद्धा आहे. हा कॉस्मस मार आबांचा शिष्य, आणि मार आबा पुढं इराणी चर्चचे सर्वोच्च धर्मगुरू झाले. म्हणजे कोणता बिशप कुठून नेमला जातो, हे ठाऊक असणाऱ्या माणसाची ही साक्ष आहे.

काही अभ्यासक म्हणतात, हे कल्लियाना म्हणजे उडुपीजवळचं कल्याणपूर. या शंकेचा विचार करायलाच हवा. पण कॉस्मसच बंदरांची यादी देतो, तिचा क्रम बघा. सिंधू, मग सौराष्ट्र, मग कल्लियाना, मग 'सिबोर' म्हणजे बहुतेकांच्या मते चौल, आणि त्यानंतर मलबारची मिरीची बंदरं. यादी उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकते. चौलच्या आधी येणारं कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण, असं मानणं जास्त सयुक्तिक ठरतं.

मग प्रश्न पडतो, बिशप इराणातून का? त्या काळी रोमन साम्राज्याबाहेर, सासानी राज्यात एक स्वतंत्र चर्च उभं होतं. त्याची उपासनेची भाषा सिरियाक. हे चर्च व्यापाऱ्यांच्या वाटेनं पसरलं. मध्य आशियाच्या वाळवंटातलं मर्व हे हिरवळीचं, पाण्याचं गाव. उंटांचे तांडे तिथं थांबायचे, आणि तिथंही पाचव्या शतकात बिशप होता. वाळवंटात मर्व तसं समुद्रकाठी कल्याण. जिथं तांडा थांबतो किंवा जहाज मोसमाची वाट बघत थांबतं, तिथं परदेशी माणसांची वस्ती होते, मग प्रार्थनाघर, मग धर्मगुरू. कल्याणच्या मंडळीत बहुधा इराणी आखातातून आलेले व्यापारी मोठ्या संख्येनं असावेत.

आता इथली खरी मेख समजून घेऊ. धर्मप्रांत म्हणजे नुसती इमारत नव्हे, ती एक साखळी असते. बिशपला बिशपच दीक्षा देतो. पुरोहितालाही बिशपच दीक्षा देतो. बिशप नसेल तर एका पिढीत पुरोहित संपतात. भारताच्या बिशपांची ही साखळी फार्स प्रांतातल्या रेव अर्दशीरच्या मुख्य बिशपाच्या हातात होती. सातव्या शतकाच्या मध्यावर त्यांचं आणि सर्वोच्च धर्मगुरूंचं बिनसलं. तिसरे ईशोयाब यांचं पत्र आजही उपलब्ध आहे. त्यात ते रेव अर्दशीरच्या सिमोनला बजावतात की तुमच्या या वागण्यामुळं भारतातल्या लोकांना बिशप मिळेनासे झाले आहेत. भांडण इराणात, आणि खंड पडला तो इकडं, समुद्रापलीकडं.

पुढं १३२१ साली कल्याणपासून जवळच, ठाण्यात, चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. त्यांच्या अस्थी घेऊन गेलेला ओडोरिक लिहितो की ठाण्यात या पूर्वेकडच्या ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं होती. माणसं होती, पण बिशपचा उल्लेख नाही. केरळात मात्र परंपरा टिकली, आणि त्याचं कारण साधं आहे. तिथले लोक बिशप मागायला स्वतः गेले. १४९० साली तिघंजण त्यासाठी मेसोपोटेमियाकडं निघाले. एक वाटेतच वारला, दोघं पोहोचले, आणि बिशप आले.

वसईचे कॅथलिक याच जुन्या मंडळीचे वंशज, असंही कधी कधी ऐकू येतं. तसा पुरावा नाही. वसई पोर्तुगीजांकडं गेली १५३४ साली, आणि तिथली मंडळी त्या काळापासून घडली. १९८८ साली कल्याण पुन्हा धर्मप्रांत झालं, सिरो-मलबार चर्चचं. त्याचाही जुन्या बिशपांशी सलग धागा नाही. पण योगायोग बघा, केरळातून नोकरीसाठी आलेल्या कुटुंबांबरोबर तीच पूर्व-सिरियाक उपासनापद्धती कल्याणला परतली. पहिल्यांदा ती जहाजानं आली होती, या खेपेला रेल्वेनं.

तर आपण काय घेऊन जायचं? एक वाक्य हाती आलं की त्यावर वाडा बांधायचा मोह होतो, नाहीतर 'एवढ्यानं काय होतंय' म्हणून ते टाकून द्यायचा. दोन्ही टाळायला हवं. कल्याणला ख्रिस्ती मंडळी होती, तिला इराणी बिशप होता, एवढं हे वाक्य भक्कमपणे सांगतं. किती माणसं होती, प्रार्थनाघर कुठं होतं, हे ते सांगत नाही. आणि कल्याणपेक्षा केरळची मंडळी का टिकली, यातून एक गोष्ट कळते. गाव ओस पडायला दरवेळी लढाई लागत नाही. पुढची पिढी घडवणारा माणूस यायचा थांबला आणि त्याला आणायला कुणी गेलं नाही, तर तेवढंही पुरतं. आपल्याकडच्या बंद पडलेल्या शाळा, तालमी, भजनी मंडळं आठवून पाहा, म्हणजे हे सहाव्या शतकातलं प्रकरण परकं वाटणार नाही.