पंप पाणी ओढत नाही!

एप्रिलमधली सकाळ. रत्नागिरीजवळच्या आत्याच्या घरापुढची हिरवळ कडेने पिवळी पडायला लागलेली. विहिरीच्या काठावर एक एचपीची मोनोब्लॉक मोटार नेटाने फिरतेय आणि स्प्रिंकलर मात्र ठणठणीत कोरडा. ‘‘मोटार गेली रे,’’ आत्याने निकाल दिला. कारागिराचंही तेच मत पडलं, रिवाइंडिंगला न्यायला हवी.

‘‘आत्या, ती फिरतेय ना? मग गेली कशी?’’

पंप अडला की आपला हात आधी मोटारीकडे जातो. आवाज तिचा, बिल तिचं, म्हणून दोषही तिचाच. पण काठावरच्या पंपाचं दुखणं बरेचदा विहिरीकडच्या, म्हणजे सक्शनच्या पाइपात असतं. कारण पंप पाणी ओढतच नाही. आतला पंखा पाणी पुढे फेकतो, त्यामागे दाब कमी होतो आणि विहिरीच्या पाण्यावर दाबून बसलेली हवा खालचं पाणी पाइपातून वर ढकलते. पाइपात कुठून हवा शिरली, की हा दाबातला फरकच उरत नाही. डिलिव्हरीची गळती ठिबकताना दिसते, सक्शनची दिसत नाही. तिथे पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते.

म्हणून तपासणी पाण्याकडून मोटारीकडे करावी. आम्ही वीज बंद केली, पंपावरचा बूच काढला आणि तांब्याने पाणी ओतलं. पाणी काठोकाठ आलं, दोन बुडबुडे फुटले आणि पातळी हळूहळू खाली सरकली. पाणी परत विहिरीत चाललं होतं. पाइप वर काढला, तर फूटव्हॉल्व्हच्या झडपेत आंब्याच्या पानाचा देठ अडकलेला! देठ काढला, जाळी घासली, पंप पुन्हा भरला आणि पाचव्या मिनिटाला स्प्रिंकलर फिरायला लागला. खर्च शून्य.

ओतलेलं पाणी टिकलं, तरी पंप चालू केल्यावर थोड्या वेळाने पाणी सोडत असेल, तर सांध्यांवर साबणाचा फेस लावावा. जिथे फेस आत ओढला जातो, तिथे हवा शिरते. पाणी येतं पण जोर नाही, असं असेल तर आधी स्प्रिंकलरचं तोंड आणि जाळी साफ करावी. मोटार नुसतीच गुणगुणते, फिरत नाही, तेव्हा ती लगेच बंद करावी. व्होल्टेज कमी असेल, पंखा अडकला असेल किंवा कंडेन्सर गेला असेल. कंडेन्सर वीज बंद केल्यावरही झटका देऊ शकतो, तिथे वायरमनच हवा. आणि कोरडा पंप चालू ठेवू नये. आतलं सील पाण्यावाचून तापून खराब होतं.

मे महिन्यात पाणी पुन्हा बंद झालं. या वेळी झडप स्वच्छ, सांधे पक्के. मग विहिरीत दोरी सोडली. पंपापासून पाणी २६ फूट खाली गेलं होतं.

गॅलिलिओने १६३८च्या ग्रंथात अशीच एक हकिकत दिली आहे. पाणी उतरल्यावर पंप चालेना, म्हणून कारागिराला बोलावलं, तर तो म्हणाला, दोष पंपात नाही, पाणीच फार खाली गेलंय. पुढे तोरिचेल्लीच्या पाऱ्याच्या नळीने त्याचं कारण उलगडलं. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६ सेंटिमीटर पारा तोलून धरतो. पारा पाण्याच्या साडेतेरापटीहून थोडा जड, म्हणून पाणी फार तर १०.३ मीटर चढतं. घर्षण वगैरे वजा जाता व्यवहारात सातेक मीटर, म्हणजे २३ फूट धरावेत. महाबळेश्वरच्या उंचीवर हवा विरळ, तिथे आणखी कमी. इथे मोठ्या एचपीची मोटार आणूनही उपयोग नाही, कारण हवेचा जोर तेवढाच राहतो. पंप विहिरीतल्या खालच्या टप्प्यावर न्यावा किंवा पाण्यात बुडून पाणी वर ढकलणारा सबमर्सिबल बसवावा.

आत्याने दोन्ही केलं नाही. तिने दोरीला फुटाफुटावर गाठी मारल्या आणि ती रहाटाच्या खांबाला टांगली. आता तेविसावी गाठ कोरडी निघाली, की ती मोटारीचं बटण दाबत नाही. हिरवळ पिवळी पडते. ‘‘पडू दे,’’ ती म्हणते, ‘‘मिरगात येईल परत.’’