रीफ टँकमध्ये लाल किडे झालेत? औषधाची बाटली उघडण्याआधी हे वाचा

दुपारी टँकचा लाइट पूर्ण लागलेला असतो, मुलं काचेला नाक लावून बसलेली असतात. त्यातलंच एखादं विचारतं, "अब्बा, दगडावर हा गंज कसला?" जवळ जाऊन बघितलं तर गंज हलतोय. तांबूस-तपकिरी रंगाचे, काही मिलिमीटरचे चपटे किडे आणि मागच्या बाजूला टोकं निघालेली. समुद्री पाण्याचा टँक सांभाळणाऱ्यांना हे किडे कधी ना कधी भेटतातच.

बहुतेक घरांत पुढची चूक त्याच संध्याकाळी होते. दुकानातून औषध आणायचं आणि सरळ टँकमध्ये ओतायचं. किडे तासाभरात मरतात, पण सकाळी मासेही तळाला पडलेले दिसतात. असं का होतं आणि ते कसं टाळायचं, हे समजून घेऊ या.

हे किडे करतात काय?

सर्वात जास्त दिसणाऱ्या या लाल किड्याचं शास्त्रीय नाव कॉन्व्होल्युट्रिलोबा. हौशी लोक त्याला 'रेड प्लॅनेरिया' म्हणतात. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. हे शेवाळ उजेडावर अन्न तयार करतं, म्हणून हे किडे उजेडात आणि पाण्याचा प्रवाह कमी असेल तिथे जमतात. नर-मादीची गरज नाही, अंगातूनच नवीन किडा फुटून वेगळा होतो. त्यामुळे आज दहा-वीस असले तर काही आठवड्यांत हजारो होऊ शकतात.

हा किडा कोरल खात नाही. पण संख्या वाढली की कोरलवर चादरीसारखा पसरतो, उजेड अडवतो आणि कोरल हळूहळू मलूल होतं.

खरा धोका किडे मेल्यावर

या किड्यांच्या अंगात विषारी द्रव असतो. किडे जिवंत असताना त्याचा फारसा त्रास होत नाही. पण हजारो किडे एकदम मेले की तो सगळा द्रव पाण्यात उतरतो, आणि मासे त्यानेच मरतात. म्हणून नियम एकच: आधी किडे बाहेर काढा, औषध नंतर.

पहिलं काम: सायफन

एअरपंपची बारीक नळी घ्या. लाइट सुरू असताना, किडे वर आलेले असताना, नळीने ते बादलीत ओढून घ्या. बादलीच्या तोंडावर बारीक कापड बांधलं तर किडे वर अडकतात. एकदोन आठवडे रोज दहा मिनिटं हे काम केलं तर संख्या खूप कमी होते. सोबत माशांचं खाणं बेताचं ठेवा आणि जिथे पाणी साचून राहतं तिथे प्रवाह वाढवा. कधी कधी एवढ्यावरच भागतं.

औषध द्यायचंच असेल तर

या कामासाठी लेव्हामिसोल हे द्रव्य वापरलं जातं. गावाकडे बकऱ्यांना जंतावर देतात तेच. पण म्हणून बकरीच्या औषधाची बाटली अंदाजाने टँकमध्ये ओतू नका. टँकसाठी बनवलेलं औषधच घ्या आणि त्यावरच्या सूचना पाळा.

आधी पाण्याचा हिशोब करा. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टँक म्हणजे सुमारे 255 लिटर. दगड, वाळू आणि वरची रिकामी जागा वजा केली तर खरं पाणी त्याहून बरंच कमी भरतं. खाली संप असेल तर त्यातलं पाणी मिळवा. डोस खऱ्या पाण्यावर ठरतो.

आदल्या दिवशी तयारी ठेवा. किमान चौथा हिस्सा बदलता येईल एवढं मिठाचं पाणी तयार हवं. 50 लिटरला साधारण पावणेदोन ते दोन किलो सी-सॉल्ट लागतं. क्षारता आणि तापमान टँकइतकंच ठेवा. ताजं अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनही हाताशी असू द्या.

थोडे किडे कपभर टँकच्या पाण्यात घेऊन त्यांच्यावर औषध करून बघा. मग सकाळी, दिवसभर घरी असाल अशा सुट्टीच्या दिवशी, टँकमध्ये डोस द्या. जुनं कार्बन त्याआधी काढून ठेवा. एअरस्टोन जोरात चालू द्या. किडे सुटून तरंगू लागले की लगेच सायफनने ओढा. मासे जोरात श्वास घेऊ लागले तर वाट बघू नका, पाणी बदला आणि नवीन कार्बन लावा. सगळं ठीक दिसलं तरी शेवटी या दोन्ही गोष्टी करायच्याच. लपलेले किडे उरतात, म्हणून आठवड्याने पुन्हा एक डोस लागू शकतो.

मासा सोडला तर?

सिक्स-लाइन रास, यलो रास हे मासे काही घरांत किडे खातात, काही घरांत ढुंकूनही बघत नाहीत. सिक्स-लाइन तर मोठा झाला की इतर माशांना त्रास देतो. निळी वेल्व्हेट समुद्री गोगलगाय किडे नक्की खाते. पण तिचं खाणं तेवढंच, किडे संपले की ती उपाशी मरते.

कोरल खाणारा किडा वेगळा

अ‍ॅक्रोपोरा या फांद्यांच्या कोरलवर राहणारा किडा कोरलच्याच रंगाचा असतो, डोळ्यांना दिसत नाही. कोरलवर फिकट गोल डाग पडले तर पिचकारीने पाण्याचा झोत मारून बघा, किडे सुटून येतात. इथे कोरल बाहेर काढून डिपमध्ये बुडवावं लागतं. डिपने किडे मरतात, अंडी मरत नाहीत. अंडी बुडाशी, उघड्या सांगाड्यावर असतात. ती खरवडून काढा आणि पाच-सहा आठवडे दर आठवड्याला डिप करा.

कीड येते कुठून?

नवीन कोरल किंवा लाइव्ह रॉकसोबत. म्हणून नवीन वस्तू आधी डिप करा आणि चार ते सहा आठवडे वेगळ्या छोट्या टँकमध्ये ठेवा. आणखी एक गोष्ट. आपल्याकडे प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या परिशिष्टाचं संरक्षण आहे. मालवणच्या किंवा इतर कुठल्याही किनाऱ्यावरून ते तोडून आणणं गुन्हा आहे. आखातात राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांनीही येताना कोरल सोबत आणू नये. दगडी प्रवाळाच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीला साइट्स कराराखाली परवाना लागतो.

हौस आहे, तशी अमानतही

मांजर बांधून ठेवलं, ना खायला दिलं ना सोडलं, म्हणून शिक्षेस पात्र ठरलेल्या बाईची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. काचेच्या पेटीतला मासा त्या मांजरापेक्षाही जास्त बांधलेला आहे. पाणी बिघडलं तर तो कुठे जाणार? हानिकारक किडे काढणं हे त्याची काळजी घेण्यातच येतं, पण घाईत अख्खा टँक मारणं नाही. मुलांनाही सायफनच्या कामात सोबत घ्या. सबर म्हणजे काय, हे त्यांना त्या रोजच्या दहा मिनिटांत कळेल, इन्शाअल्लाह.