युद्ध तिकडे, सिलिंडरचं बिल इकडे : छोट्या धंद्यानं इंधनाचा हिशोब कसा मांडायचा?



इंधनावरच्या व्हिडिओत आकडे भरभर सांगितले होते. ते नीट लिहून पाहिजेत असं अनेकांनी सांगितलं, म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन वाचा. शेवटी थोडं काम दिलंय.

मुद्दा एकच आहे. लढाई कधी होणार हे आपल्या हातात नाही, पण लढाईचा फटका आपल्या गल्ल्याला किती बसणार हे बऱ्यापैकी आपल्या हातात आहे. त्याची तयारी मात्र भाव शांत असतानाच करावी लागते.

वणीच्या भजी-चहाचा आखाताशी काय संबंध?

भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांपेक्षा जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो. स्वयंपाकाच्या गॅसपैकीही निम्म्याहून जास्त बाहेरून येतो, आणि त्यातला बहुतेक आखाती देशांतून. ही जहाजं होर्मुझच्या सामुद्रधुनीतून निघतात. नकाशात बघा, सगळ्यात अरुंद जागी ती जेमतेम ३३ किलोमीटर आहे. म्हणजे वणी ते नाशिक अंतरापेक्षाही कमी! जगात वापरल्या जाणाऱ्या तेलाचा साधारण पाचवा हिस्सा या वाटेनं जात आलाय. म्हणून जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण लढाई पेटल्यावर वाट बंद झाली नव्हती, तरी नुसत्या भीतीनं तेलाचे भाव उसळले.

आपल्या दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. युरोपला जाणारी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली. प्रवासाचे दिवस वाढले, कंटेनरचं भाडं वाढलं, आणि नेमका तो द्राक्षांचा हंगाम होता. माल आपला चांगलाच होता, अडचण वाटेत होती.

सरकारं काय करतात? दोन कामं एकदम

संकट आलं की सरकारं एक काम आजचं करतात आणि एक उद्याचं. हे समजलं की बातम्या समजतात.

१९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं. काही महिन्यांत भाव पिंपामागे साधारण ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या आसपास गेला. नेमकं १९७४ च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट'नं मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात तेल शोधलं. तेच आपलं बॉम्बे हाय. संकटामुळे तिथल्या कामाला जोर आला आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं.

२०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध झालं. आजचं काम म्हणून युरोपनं मिळेल तिथून गॅस घेतला, जर्मनीनं बंद ठेवलेली काही कोळशाची वीजकेंद्रंसुद्धा पुन्हा चालू केली. भारतानं स्वस्तात मिळणारं रशियन तेल घेतलं. आधी ते आपल्या आयातीत नावापुरतं होतं, पुढे तिसऱ्या हिश्श्यापर्यंत गेलं. मे २०२२ मध्ये केंद्रानं पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क ८ रुपयांनी आणि डिझेलवरचं ६ रुपयांनी कमी केलं.

उद्याचं काम म्हणून पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट २०३० वरून २०२५-२६ वर आणलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये घरांच्या छतांसाठी पीएम सूर्यघर योजना आली. महाराष्ट्रात शेतीला दिवसा वीज द्यायला मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० सुरू आहे.

आता कुणी म्हणेल, सौर एवढं भारी, तर एकलहऱ्याचं कोळशाचं केंद्र अजून का लागतं? कारण सूर्य मावळल्यावरही आपल्याला दिवे लागतात. बदल असाच होतो, जुनं चालू ठेवून नवं उभं करत. धंद्यातही हेच करायचंय.

फटका नेमका किती? हिशोब बघा

समजा, एक मिसळ-चहाचं हॉटेल आहे. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला.

• महिन्याची विक्री : १,५०,००० रुपये
• गॅस : ८ सिलिंडर × १,८०० = १४,४०० रुपये
• हातात उरणारा नफा : २०,००० रुपये

गॅस २५ टक्के वाढला. सिलिंडरमागे ४५० रुपये, म्हणजे महिन्याला ३,६०० रुपये जादा. नफा २०,००० वरून १६,४०० वर आला. विक्री तेवढीच, मेहनत तेवढीच, आणि नफा १८ टक्के कमी! शिवाय टेम्पोचं भाडं आणि प्लॅस्टिक पिशव्या यांतही तेल लपलेलं असतं, ते वेगळंच.

आणि हे फक्त भावाचं झालं. टंचाई आली तर सरकार आधी घरातली चूल बघणार, आणि ते बरोबरही आहे. निळा १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर मागे पडतो. गडाच्या यात्रेत नांदुरीला स्टॉल लावणाऱ्याला ऐन गर्दीत दोन दिवस सिलिंडर मिळाला नाही, तर वर्षाची कमाई गेली. अशा वेळी घरचा लाल सिलिंडर धंद्यात लावू नका. ते बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विमाही हात वर करेल.

काय करायचं? या क्रमानंच करा

१. आधी मोजा. वहीत तीन रकाने करा : गॅस, वीज, वाहतूक. मागच्या सहा महिन्यांचे आकडे भरा आणि प्रत्येक आकडा विक्रीच्या किती टक्के आहे ते काढा. जो रकाना मोठा, तिथून सुरुवात.

२. गळती बंद करा. ज्योत पिवळी दिसत असेल तर बर्नर साफ करा. कडधान्य भिजवून, कुकरमध्ये शिजवा. भांड्यावर झाकण ठेवा. दुकानात जुना पंखा साधारण ७५ वॉट खातो, नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. चार पंखे रोज १२ तास चालत असतील तर महिन्याला जवळपास ६५ युनिट वाचतात.

३. दोन चुली ठेवा. हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. आपल्या देशातली बहुतेक वीज कोळशावर होते, आणि तो कोळसा बहुतेक आपल्याच खाणींतला असतो. विजेचे दर आयोग ठरवून देतो. बिलात 'इंधन समायोजन आकार' कमी-जास्त होतो, पण व्यावसायिक गॅससारखा दर महिन्याला नवा भाव नसतो. म्हणजे थोडं काम विजेवर नेलं की लढाईचा धक्का तेवढा हलका होतो.

परवडेल का? सोपं सूत्र देतो. १९ किलोचा एक सिलिंडर जेवढी उष्णता भांड्याला देतो, तेवढं काम इंडक्शनवर करायला साधारण १४० युनिट लागतात. गॅसची जवळपास निम्मी उष्णता भांड्याबाहेर जाते असं धरलंय. तुमच्या वीजबिलावरून एका युनिटचा सगळे आकार धरून दर काढा आणि १४० नं गुणा. दर १२ रुपये असेल तर १,६८० रुपये. सिलिंडर त्यापेक्षा महाग असेल तर वीज स्वस्त, नाहीतर गॅस स्वस्त.

गॅस काढून टाकू नका. चहा, दूध, पाणी तापवणं विजेवर घ्या, मोठी कढई गॅसवर राहू द्या. मात्र आधी मंजूर भार आणि वायरिंग तपासून घ्या. वीज गेली तर गॅस आहे, गॅस अडला तर वीज आहे.

४. सौर, पण हिशोब करून. १ किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि वर्षभराच्या सरासरीनं दिवसाला ४ युनिटच्या आसपास वीज मिळते. सूर्यघरचं अनुदान १ किलोवॉटला ३०,०००, २ ला ६०,००० आणि ३ किंवा जास्तीला ७८,००० रुपये असं ठरलंय. लक्षात ठेवा, हे घरगुती मीटरला आहे, दुकानाच्या व्यावसायिक मीटरला नाही. खाली दुकान, वर घर असेल तर मीटर कुणाच्या नावावर आणि कोणत्या प्रकारचं आहे ते आधी बघा. दुकानाला अनुदानाशिवायही परवडू शकतं, जर तुमचा वापर दिवसा असेल : पिठाची गिरणी, झेरॉक्स, डीप फ्रीझर. जागा भाड्याची असेल किंवा धंदा संध्याकाळचा असेल तर घाई करू नका.

५. भाव सांगताना मुदत घाला. लग्नाची ऑर्डर तीन महिने आधी घेता ना? कोटेशनवर लिहा : 'हा दर १५ दिवसांसाठी. गॅस-डिझेल वाढल्यास फरक लागू.' गिऱ्हाईक रागावत नाही, आयत्या वेळी सांगितलं तर रागावतं.

यात नवा धंदा आहे का?

आहे. गावोगाव सौर पंप आणि छतावरचे पॅनल लागतायत. ते धुवायला, वायरिंग तपासायला, दुरुस्त करायला जवळचा माणूस लागतो. कमी भांडवलात, हातातल्या कौशल्यावर हे सुरू होतं. पण एजन्सीसाठी मोठं डिपॉझिट मागणारा कुणी आला तर आधी त्यानं बसवलेली दहा छतं स्वतः जाऊन बघा, मग चेकबुक काढा.

या आठवड्याचं काम

तीन रकान्यांची वही भरा. मग गॅसचा आणि वाहतुकीचा खर्च २५ टक्के वाढला असं धरून नफा पुन्हा काढा. नफा निम्म्याहून खाली जात असेल तर तुमचा पुढचा खर्च नव्या बोर्डावर किंवा रंगरंगोटीवर नको, दुसऱ्या चुलीवर करा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. वही तयार ठेवा!